सळया सोडलेला कम्प्युटर

आमचे दाजी कुठलीही किंमत रुपयांत ऐकत नाहीत. रुपया ही त्यांच्या मते सरकारची वस्तू. शेतकऱ्याचं नाणं क्विंटल. त्यामुळं नवा कम्प्युटर ऐंशी हजारांत बसेल, असं भाच्यानं सांगितलं तेव्हा दाजींनी पत्र्याकडं बघत ओठ हलवले आणि निकाल दिला, “पंधरा क्विंटल.”

हिशेब चोख होता. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पंधरा क्विंटलचे होतात ७९,९२०.

“आन् ह्ये झालं हमीभावानं,” दाजी म्हणाले. “आडतीवर त्यो बी मिळंना गेलाय. दोन एकराचं रान एका डब्यात घालायलास तू. त्यो डबा करतो तरी काय?”

खरं तर त्या डब्यानं दोन कामं करायची होती. दिवसा लोकांची लग्नं लावायची आणि रात्री लढाया मारायच्या. पहिल्या कामाला एडिटिंग म्हणतात, दुसऱ्याला गेमिंग. भाच्यानं वडिलांना पहिलं सांगितलं आणि मला दोन्ही. मामा या नात्याचा उपयोग तेवढ्यापुरताच असतो.

भाचा निलंग्यात लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. एडिटिंग हा शब्द त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर आहे. गाव मिक्सिंगच म्हणतं. कॅसेटच्या जमान्यात मिक्सिंग म्हणजे नवरीच्या डोळ्यातून नवरदेव बाहेर काढायचा, त्याला बदामात बसवायचा आणि शेवटी दोघांना स्वित्झर्लंडच्या बर्फात उभं करायचं, तेही नेसत्या शालूनिशी. त्या काळी यंत्रावर फारसा ताण येत नसे, बघणाऱ्यावर येई. आता उलटं झालंय. लग्नाआधी खरोशाच्या लेण्यांपाशी नाहीतर औशाच्या किल्ल्यात प्री-वेडिंग, लग्नात तीन कॅमेरे, मांडवावर ड्रोन, आणि सगळं फोरकेमध्ये. १०० मेगाबिटच्या वेगानं घेतलेला फोरके व्हिडिओ तासाला ४५ जीबी जागा खातो. तीन कॅमेरे चार तास चालले की ५४० जीबी झाले. त्यातला निम्मा ऐवज पंगतीत भात वाढणाऱ्यांचा असतो, पण तो कापता येत नाही. वाढणारे नवरदेवाचे चुलते असतात.

हे सगळं पचवायला भाच्याकडं होता तो कम्प्युटर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३च्या सुमाराचा. त्यावर रेंडर, म्हणजे कापलेलं-जोडलेलं सगळं एकजीव करून घ्यायचं काम, लावून माणूस रानात पाळी घालून आला तरी पडद्यावरची पट्टी तिथंच. आता निलंग्याला वाट बघायची सवय नाही असं कुणी म्हणू नये. २०१९च्या शिवजयंतीला इथं मंगेश निपाणीकरांनी सहा एकरांत शिवाजी महाराजांची हिरवी प्रतिमा उगवून दाखवली. बी पेरायचं आणि चित्र वर यायची वाट बघायची, याहून मोठं रेंडरिंग मराठवाड्यात झालं नसेल. पण तिथं निदान मध्येच विंडोज अडकत नव्हती. इथं १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०मधून अंग काढून घेतलं, आणि विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. भाच्याची मशीन चार पिढ्या मागं. नवी घेणं भागच होतं.

“बाबा, ह्यो अपग्रेड होतो,” भाच्यानं हुकमाचं पान टाकलं. “आत्ता लहान घ्यायचा, पुढं वाढवायचा.”

दाजींचा चेहरा एकदम निवळला. ‘पुढं वाढवायचा’ ही भाषा निलंग्यात समजावून सांगावी लागत नाही. कुठल्याही गच्चीवर चढून बघा. खाली रंग, टाइल्स, गेटवर लोखंडी मोर. आणि वर चारी कोपऱ्यांतून कमरेइतक्या सळया निघालेल्या. वरचा मजला चढवायचा आहे म्हणून. कधी? भाव आला की, पोराचं लग्न झालं की, पोरगं नोकरीला लागलं की. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं या भागातल्या दगडमातीच्या भिंतींवरचा आणि माळवदावरचा लोकांचा विश्वास उडवला. तेव्हापासून श्रद्धा कॉलमवर बसली आणि सळईवर. ते बरोबरच झालं. पण पुढं पुढं सळई भार पेलण्यापुरती राहिली नाही, ती घरमालकाच्या उमेदीची जाहिरात झाली. सळया असलेलं घर एकमजली नसतंच. ते दुमजली घराचं पहिलं वर्ष असतं. हे पहिलं वर्ष वीस-पंचवीस वर्षं चालतं. सळया गंजतात, त्यांना वाळवणाची दोरी बांधली जाते, डिशची छत्री अडकवली जाते, पण त्या कापायचं पाप कुणी करत नाही.

अपग्रेड होणारा कम्प्युटर अगदी हाच. मदरबोर्ड हा स्लॅब आणि त्यावरच्या रिकाम्या जागा या सळया. रॅमच्या चारपैकी तीन खाचा मोकळ्या, डिस्कसाठी एम-डॉट-टूची एक जागा मोकळी, आणि मधोमध प्रोसेसरचं सॉकेट, ज्यात आज धाकटा बसवायचा नि पुढं कधीतरी थोरला. प्रश्न एकच: आपण वरचा मजला चढवायला जाऊ तेव्हा त्या मापाचा थोरला बाजारात मिळणार का?

एके काळी हा प्रश्न नव्हता, आणि त्या काळाची गोष्ट पुण्यात जन्मलेल्या माणसाची आहे. विनोद धाम. १९९३मध्ये आलेल्या इंटेलच्या पेंटियमचं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं, म्हणून त्यांना पेंटियमचे जनक म्हणतात. पुढं ते इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीनं विकत घेतली, आणि पेंटियमचे जनक एएमडीच्या के६ प्रोसेसरच्या कामाला लागले. १९९७चा हा के६ पेंटियमच्याच सॉकेट ७मध्ये बसायचा. बोर्ड तोच ठेवायचा, इंटेल काढायचा, एएमडी घालायचा. इंटेलनं त्याच वर्षी पेंटियम टू काढला तो स्लॉट वन नावाच्या निराळ्या उभ्या खाचेत, जिथं दुसऱ्याला शिरकाव नव्हता. तेव्हापासून दोघांच्या शेताचे बांध वेगळे झाले ते झालेच.

हा किस्सा मी आमच्या चौकातल्या पोरांना मुद्दाम सांगितला, कारण तिथं इंटेलवाले आणि एएमडीवाले असे दोन तट आहेत. निलंग्यानं राज्याला १९८५मध्ये मुख्यमंत्री दिलेला. पक्षनिष्ठा इथं दुधाबरोबर पाजतात. ज्या माणसानं एका पक्षाचा झेंडा उभारला तोच दुसऱ्या पक्षात जाऊन खांब रोवून आला, हे ऐकल्यावर भांडण मिटायला हवं होतं. पण पुढाऱ्यानं पक्ष बदलला म्हणून कार्यकर्त्यानं भांडण सोडलं, असं महाराष्ट्रात अजून घडलेलं नाही. पोरं म्हणाली, “मामा, आसंल. पण इंटेल ते इंटेल.” दुसरी म्हणाली, “रायझन ते रायझन.” यात दोन्ही बाजूंचा पुरावा संपला.

प्रोसेसरचं नाव वाचून गिऱ्हाइकाला काही कळू नये, याची मात्र दोन्ही कंपन्यांनी सारखीच काळजी घेतली आहे. रायझन ५ ७६०० हा रायझन ७ ५७००एक्सपेक्षा नवा. म्हणजे पाच सातापेक्षा धाकटा, पण शहात्तरशे सत्तावन्नशेपेक्षा पुढचा, आणि दोघांची सॉकेटं निराळी. इंटेलच्या नावामागं अक्षरं लागतात. के असेल तर वेग वाढवायची मुभा. एफ असेल तर आतलं ग्राफिक्स बंद. केएफ असेल तर मुभा आहे पण चित्र नाही. एएमडीच्या मागं एक्स, जी आणि एक्स-थ्री-डी. मला वाटलं, दाजी इथं उठून जातील. ते शांतपणे म्हणाले, “ह्यात आवघड काय हाय? आमच्यात जेएस-३३५ हाय, एमएयूएस-७१ हाय, केडीएस-७२६ हाय. पेरल्याबिगर कळतंय व्हय?”

फक्त एका जागी ते अडले. भाच्यानं सांगितलं, की इंटेलच्या आय५-१४४००मध्ये दहा कोअर असतात. सहा मोठे, ताकदीचे, आणि चार लहान, वीज वाचवणारे. रायझन ७६००मध्ये सहाच, पण सगळे सारखे.

“मंग चार लहान कामून मोजले?”

“ते बी काम करतेत, बाबा.”

“पंगतीला लहान पोरं धरून दहा पानं म्हणायची आन् रोजगाराला बी धाच म्हणायची, आसं कुठं आसतंय का?”

यावर इंटेलच्या इंजिनिअरांकडं उत्तर असेल. भाच्याकडं नव्हतं.

खरी लढाई सळयांचीच होती आणि तिथं दोन्ही घराण्यांची वंशावळ काढणं भाग पडलं. इंटेलचा रिवाज असा, की दोन-तीन पिढ्या झाल्या की सॉकेट बदलायचं. २०१५ला ११५१, २०२०ला १२००, २०२१ला १७००, २०२४ला १८५१. हे आकडे म्हणजे सॉकेटमधल्या टोकांची संख्या. ११५१च्या वेळी तर कमाल झाली. २०१७मध्ये आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच, टोकं तेवढीच, प्रोसेसर बसायचाही तसाच. पण जुन्या बोर्डावर चालायचा नाही. वीज पोचवायची वायरिंग आतून बदललेली. ज्यांनी ‘पुढं वाढवू’ म्हणून ११५१चा बोर्ड घेतला होता, त्यांच्या सळया त्याच जागी होत्या, फक्त वरचा मजला दुसऱ्याच्या घरावर चढला.

एएमडीनं उलट केलं. २०१७मध्ये पहिला रायझन एएम४ सॉकेटवर आला आणि त्याच सॉकेटवर एप्रिल २०२२मध्ये ५८००एक्स-थ्री-डी आला, जो तेव्हा गेम खेळणाऱ्यांच्या दृष्टीनं सर्वांत वेगवानांपैकी एक होता. पाच वर्षांपूर्वीच्या कित्येक बोर्डांनी नुसतं बायोस, म्हणजे बोर्डाला जागं करणारा प्रोग्रॅम, बदलून त्याला आपल्यात घेतलं. पण तेही सरळपणे झालं नाही. मे २०२०मध्ये कंपनीनं सांगितलं, की ४०० मालिकेचे बोर्ड आता पुढचे प्रोसेसर घेणार नाहीत. बायोसच्या चिपमध्ये सगळ्यांची नावं मावत नाहीत. त्यातल्या बऱ्याच चिपा १६ एमबीच्या होत्या. लग्नातल्या पाच-सहा फोटोंएवढी जागा, आणि तेवढ्यासाठी सगळा वरचा मजला अडला. लोकांनी जगभर असा गिल्ला केला, की आठ-पंधरा दिवसांत कंपनीनं शब्द फिरवला आणि जागा निघाली. जुनी काही नावं काढून नवी घातली. ग्रामपंचायतीची मतदारयादी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात काही नवीन वाटू नये.

एएम४नंतर सप्टेंबर २०२२मध्ये एएम५ आला. आधी वचन २०२५पर्यंतचं होतं, मग ते २०२७ आणि त्यापुढं वाढवलं. वचन ऐकून दाजी खूश झाले, मग सावध झाले. “ल्हेऊन दिलंय का?” त्यांनी विचारलं. लिहून दिलंय, असं भाच्यानं मोबाइलवर दाखवलं. “स्टँपावर न्हाई,” एवढंच बोलून दाजींनी एएम५ला मंजुरी दिली.

आता खरेदी. हैदराबादच्या निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ला संपलं, पण मोठ्या खरेदीपुरतं निलंगा अजून त्याच राज्यात आहे. पुण्याहून हैदराबाद जवळ. कम्प्युटरवाल्यांचा मुंबईतला लॅमिंग्टन रोड, ज्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात हे फक्त पाटीला ठाऊक आहे, तो तर फारच लांब. तेव्हा बिदरवरून जहीराबाद धरून आम्ही सिकंदराबादच्या परेड ग्राउंडजवळच्या चिनॉय ट्रेड सेंटर या कम्प्युटरच्या बाजारात गेलो. सगळे त्याला सीटीसी म्हणतात. दाजी सोबत होते. पंधरा क्विंटल एकट्या पोराच्या हाती देऊन पाठवणारा बाप लातूर जिल्ह्यात नाही.

दुकानदारानं पहिलाच प्रश्न नेमका विचारला, “गेम खेलते क्या पिच्चर बनाते?”

“दोनों,” भाचा म्हणाला.

“दोनों? तो पैसे का सोचोच नक्को.”

दुकानदार खोटं बोलत नव्हता. गेम आणि एडिटिंग यांच्या मागण्या वेगळ्या. गेमला थोडे पण चपळ कोअर आणि जवळ साठवण हवी. एक्स-थ्री-डी प्रोसेसरमध्ये नेमकं हेच करतात: चिपवर आणखी एक मेमरीचा थर चिकटवतात. साध्या ७६००मध्ये एल-थ्री कॅश ३२ एमबी, तर ७८००एक्स-थ्री-डीमध्ये ९६. गेमला याचा मोठा फायदा, लग्नाच्या पंगतीला फारसा नाही. एडिटिंगला कोअर जास्त हवेत आणि व्हिडिओ उलगडणारं वेगळं यंत्र हवं. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची अशी सोय आहे, आणि लग्नवाल्यांच्या आवडत्या एडियस सॉफ्टवेअरला ती मानवते. आजकालचे कॅमेरे एचईव्हीसीमध्ये १० बिट ४:२:२ असं चित्रण करतात. शालूचा रंग शालूसारखा राहतो, पण प्रोसेसरचा घाम निघतो. ते क्विक सिंक अलगद उलगडतं. एएमडीच्या आतल्या ग्राफिक्सला ते जमत नाही. आणि गंमत अशी, की बहुतेक पोरं इंटेल घेताना हजार-दीड हजार वाचवायला एफ अक्षराचा घेतात, म्हणजे ज्या कारणासाठी इंटेल घ्यायचा तेच कारण दुकानात ठेवून येतात.

“मग इंटेल घेऊ?” भाचा डगमगला.

“लेव. दो साल के बाद बोर्ड भी नया लेव,” दुकानदार म्हणाला.

भाच्यानं मग अक्कल लढवली. एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या कार्डांना २०२५पासून हे ४:२:२ उलगडता येतं. म्हणजे प्रोसेसर एएमडीचा, सळया एएम५च्या, आणि शालूची जबाबदारी ५०६० कार्डावर. शिवाय रायझन ७६००च्या आत बेताचं का होईना ग्राफिक्स आहे. कार्ड उद्या रुसलं तरी पडद्यावर चित्र दिसेल. दाजींना एवढंच समजलं, की कार्ड साडेपाच क्विंटलचं आहे आणि प्रोसेसर सव्वातीनचा. “मालकापरीस गडी महाग,” ते म्हणाले, आणि गेमिंगच्या अर्थशास्त्रावर यापेक्षा नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

मदरबोर्डाच्या काउंटरवर वेगळंच जग होतं. बोर्डांची नावं मॉर्टार, टॉमहॉक, स्ट्रिक्स. मॉर्टार म्हणजे तोफ, टॉमहॉक म्हणजे कुऱ्हाड. दाजींनी खोका हातात घेऊन आजूबाजूला पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “ह्याला लायसन लागतंय का?” वास्तविक बोर्डाचं शौर्य नावात नसतं, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात असतं. त्याला व्हीआरएम म्हणतात. पुढं थोरला प्रोसेसर घालायचा तर हा भाग भक्कम हवा आणि त्यावर उष्णता खेचणारी जाड पट्टी हवी, कारण मे महिन्यात आमच्याकडं सावलीतच चाळिशी ओलांडते आणि भाच्याची खोली सावलीत नाही. ए६२० हा स्वस्त चिपसेट, बी६५० मधला, एक्स६७० श्रीमंतांचा. एक्स६७०चे बोर्ड बघितले तर एम-डॉट-टूच्या चार-चार जागा, मागं यूएसबीची रांग, आणि भाव असा की त्यात आणखी एक प्रोसेसर यावा.

इथं भाचा पाघळला. “मामा, चार जागा हायत. पुढं लागतील.”

आणि इथंच मला त्याला दाजींच्या गच्चीवरच्या सळयांची आठवण करून द्यावी लागली. माझं म्हणणं साधं आहे. सळया फुकट नसतात. प्रत्येक न लागलेल्या सळईचे पैसे आजच द्यावे लागतात, आणि कम्प्युटरमधल्या सळया लोखंडाच्या सळयांपेक्षा लवकर गंजतात. आसपासची स्टुडिओवाली मंडळी काय वाढवतात ते मी बघत आलो आहे. रॅम वाढवतात. डिस्क वाढवतात. नड असली की ग्राफिक्स कार्ड बदलतात. प्रोसेसर बदलणारा लाखात एक. आणि त्यालाही थोरला घेईपर्यंत नव्या सॉकेटचा धाकटाच जास्त पळताना दिसतो. म्हणून सळया सोडायच्या त्या जिथं मजला खरोखर चढतो तिथंच: रॅमच्या खाचा चार, एम-डॉट-टूच्या दोन, व्हीआरएम बऱ्यापैकी आणि पॉवर सप्लाय नावाजलेला, आजच्या गरजेपेक्षा थोडा जास्त, साडेसहाशे वॅटचा. बाकी तोफा आणि कुऱ्हाडी दुकानातच शोभतात. बी६५०चा साधा, अडीच क्विंटलचा बोर्ड घेतला. प्रोसेसरला खोकेबंद तीन वर्षांची वॉरंटी, म्हणून अठरा टक्के जीएसटीची पक्की पावती घेतली. पावतीशिवाय किती, हे दाजींनी तरीही विचारून घेतलं. न विचारणं त्यांना उधळपट्टी वाटली असती.

रॅमपाशी मात्र सगळं शहाणपण संपलं. एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते. जुनी बसतच नाही, खाच वेगळी. आणि २०२५च्या शेवटी जगभर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची इतकी उचल केली, की रॅमचे भाव आभाळाला टेकले. त्या दिवाळीआधी पावणेदोन क्विंटलला मिळणारी ३२ जीबीची जोडी आम्ही गेलो तेव्हा चार क्विंटलच्या पुढं गेली होती. दाजींनी हे दुकानदाराकडून नीट समजून घेतलं. कुणीतरी कुठंतरी अमेरिकेत मशीनला बोलायला शिकवतंय, म्हणून सिकंदराबादेत भाव वाढला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्या तीन वर्सं सोयाबीन घरात ठिवलं, भाव यील म्हणून. त्याच्या जागी ही पट्टी ठिवली आसती तर?”

शेवटी १६ जीबीची एकच पट्टी घेतली. दोन असत्या तर वेग जास्त मिळाला असता हे भाच्याला माहीत होतं, पण पंधराचे सतरा क्विंटल आधीच झाले होते. तीन खाचा रिकाम्या राहिल्या. दाजींना त्यांचं समाधानच वाटलं. वाढवायला जागा आहे म्हणजे वस्तू चांगली.

जोडणी घरी झाली. एएम५च्या सॉकेटमध्ये १,७१८ बारीक पिना असतात आणि एक जरी वाकली तरी बोर्ड गेला, हे भाच्यानं जाहीर केल्यावर घरात शिंकायला बंदी झाली. प्रोसेसर बसला, खटका दाबला, दिवे लागले. सगळं चालू असताना भाचा म्हणाला, “आता बायोस अपडेट करून घेतो. पुढं नवा प्रोसेसर टाकायचा तर तयार पायजे.” न चढलेल्या मजल्याची अशी काळजी फक्त बापाच्या वंशातून येते.

बायोस अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये. गेली तर बोर्ड दगड होतो. काही बोर्डांवर त्यातून उठवायचं बटण असतं, आपल्या बोर्डावर ते आहे की नाही हे कुणी बघितलं नव्हतं. आणि निलंग्यात लाईट जाता कामा नये, हे ठरवणारे आपण नव्हे. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी जुन्या मशीनबरोबरच म्हातारी झालेली. मग घरानं कंबर कसली. ताईनं फ्रिज बंद केला. मिक्सर कपाटात ठेवला. दाजींनी बोअरच्या स्टार्टरपाशी खुर्ची टाकली आणि गल्लीतल्या वायरमनला फोन लावला, “आर्धा तास कुठं खांबावर चढू नकोस बाबा, घरात आपरेशन चालू हाय.” वायरमनला वाटलं, कुणी आजारी आहे, तो बिचारा सफरचंदं घेऊन आला. तोवर अपडेट झालेलं होतं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ अशा अर्थाचं काही आलं, आणि सगळ्यांनी वायरमनची सफरचंदं खाल्ली.

नव्या मशीनवर पहिल्या लग्नाचं मिक्सिंग झालं. जुन्यावर रात्रभर घरघरणारं रेंडर आता भाचा चौकात निलंगा राईस खाऊन परत येईतो आटोपतं. चारच दिवसांत तो पेनड्राइव्ह घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहिला. नवरदेवाच्या वडिलांनी पेनड्राइव्ह उलटापालटा करून बघितला.

“येवढ्या लवकर? थोरल्याच्या लग्नाला दीड महिना लावला व्हतास. म्हंजे ह्या टायमाला काम कमी केलंस. मंग पैशाचं बी तसंच बघू.”

सतरा क्विंटलच्या यंत्रानं वाचवलेला वेळ बाजारात कुणी विकत घेत नाही, हे भाच्याला तिथं कळलं. तो शहाणा आहे. आता तो मिक्सिंग चार दिवसांत उरकतो आणि पेनड्राइव्ह दीड महिन्यानंच देतो. उरलेल्या दिवसांत आणि विशेषतः रात्री, ५०६० कार्डाची उरलेली ताकद वाया जाऊ नये, एवढीच काळजी घेतो. गिऱ्हाइकांचे फोन आले तर दाजी घेतात. त्यांना काय चाललंय ते पक्कं माहीत आहे, पण धंदा म्हणजे धंदा.

“आवं, पोरगं रात्रंदीस तुमच्याच लग्नावर बसलंय,” ते सांगतात. “ह्यो धाडधाड आवाज ऐकू येतोय न्हवं? तुमच्याच वरातीतले फटाके हायती.”